सरजाबाईचा फ्लास्क

इन्क्युबेटरमध्ये सात फ्लास्क होते. वरच्या फळीवर चार, मधल्या फळीवर तीन, खालच्या फळीवर फक्त पाण्याचा ट्रे. लॅमिनार या निर्जंतुक हवेच्या पेटीत मीडियाची एक बाटली, तिच्यात पेशींचं अन्न असलेला दोनशे दहा मिली लाल द्रव. पाकीटबंद पिपेट अकरा. ताहेरने रोजच्यासारखं सगळं मोजून वहीत लिहिलं आणि काचेपलीकडच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा वाजले होते. मारोती अजून आला नव्हता.

सोमेशने दार किलकिलं करून विचारलं, "मामू, चौदा नंबरला मीडिया दिला का?"

"देतो. मारोतीभाऊ येऊन राहिलेत. त्यांच्यासमोरच देऊ."

"व्याही येणार असल्यागत वाट पाहून राहिलात," सोमेश हसला आणि दार ओढून घेऊन गेला.

ताहेर शेख नांदेडच्या त्या महाविद्यालयात एकवीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होता. त्याआधी सहा वर्षं त्याने वजिराबादेत रक्त तपासणाऱ्या एका डॉक्टरांकडे पेशी मोजल्या होत्या. वय आता एकोणपन्नास. चष्म्याचा नंबर वाढला होता, पण हात अजून थरथरत नव्हता. रुद्राणी मॅडमचा रक्ताच्या कॅन्सरवरचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा पेशी वाढवायचं काम त्यांनी विद्यार्थ्यांवर न सोडता ताहेरकडे दिलं. सोमेश त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. आकडे त्याचे, आलेख त्याचे, प्रबंध त्याचा. पण पेशींना रोजचं खाणंपिणं ताहेरच्या हातून.

मॅडमना एकच गोष्ट शोधायची होती : या पेशी काय खातात. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी सहसा साखरेवर तुटून पडतात. हवा भरपूर असली तरी साखर अर्धवट जाळतात आणि आम्ल बाहेर टाकतात. त्या आम्लाने मीडियाचा लाल रंग आधी नारिंगी होतो, मग पिवळा. वरच्या फळीवरच्या चार फ्लास्कांत अशाच पेशी होत्या. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी हाच आजार झालेल्या परदेशातल्या एका बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढतच होत्या. त्यांचं पूर्ण नाव के-पाचशे बासष्ट. ताहेर नुसतं 'के' म्हणायचा. चोवीस तासांत दुप्पट, तिसऱ्या दिवशी मीडिया पिवळा.

मधल्या फळीवरचे तीन फ्लास्क म्हणजे चौदा. प्रकल्पासाठी आजवर चौदा रुग्णांचे नमुने आले. तेरा नमुन्यांतल्या पेशी दोन-तीन आठवड्यांत मेल्या. शरीराबाहेर त्यांना करमत नाही. चौदावा नमुना टिकला. ऑगस्टमध्ये त्याला सातवा महिना लागला होता. त्याची वाढ अगदी सावकाश, पाच-सहा दिवसांनी दुप्पट. आणि नवल म्हणजे या पेशी साखरेला जवळजवळ शिवत नव्हत्या. मीडियातल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरच त्यांचं भागत होतं. आठवडा झाला तरी मीडिया लालच. मॅडम म्हणायच्या, असा नमुना आयुष्यात एकदा हाताला लागतो.

कागदोपत्री चौदाला नाव नव्हतं. पण ताहेरला नाव माहीत होतं, कारण जानेवारीत तो नमुना आणायला तोच लातूरला गेला होता. हदगावच्या सरजाबाई, वय अठ्ठावन्न, तिथल्या एका इस्पितळात दाखल होत्या. त्यांची मुलगी प्रियदर्शनी त्याच इस्पितळात नर्स. आईला समजावून संमतीच्या कागदावर तिनेच सही घेतली होती. ताहेर निघाला तेव्हा सरजाबाईंचा नवरा मारोती त्याच्याबरोबर लातूरच्या बसस्टँडपर्यंत चालत आला, त्याला खिडकीजवळची जागा मिळेपर्यंत थांबला आणि बस हलल्यावर एवढंच म्हणाला, "भाई, नीट न्या." ताहेरने अहमदपूर, लोहा करत ती नळी मांडीवरच्या डब्यात धरून नांदेडला आणली. एकोणीस दिवसांनी सरजाबाई गेल्या.

मार्चमध्ये मारोती पहिल्यांदा महाविद्यालयात आला. हदगावच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं रुईच्या गाठी उचललेला माणूस. बोलणं कमी, खोकला जास्त. डोळ्याच्या तपासणीला तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नांदेडला यायचाच. आलोच आहे तर सरजाचं ते काय ते बघू द्या, म्हणाला. मॅडमनी परवानगी दिली. पेशींच्या खोलीत बाहेरच्याला जाता येत नाही, पण भिंतीत मोठी काच होती. ताहेरने त्याला एकदा बाहेरच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर दाखवलं. मारोतीने बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि म्हणाला, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसतंय. मग त्याने विचारलं की हे काय खातं. या साखर खात नाहीत, असं ताहेरने सांगितल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की ताहेरला पुढचं बोलवेना. सरजाबाईंनी चाळीस वर्षं बिनसाखरेचा चहा घेतला होता. पेशींचा आणि चहाचा संबंध नाही, हे त्याला सांगायला हवं होतं. ताहेरने सांगितलं नाही.

तेव्हापासून मारोती दर महिन्याला येत राहिला. काचेपलीकडे टोपी हातात घेऊन उभा राहायचा. ताहेर जुना मीडिया काढून नवा घालायचा ते बघायचा. पंधरा मिनिटांत काम व्हायचं आणि तो निघून जायचा. एकदा जाताना म्हणाला होता, "तिकडं सगळं जाळून आलो. हितं चालू हाय."

त्या खोलीत एक नियम होता आणि तो ताहेरनेच घालून दिला होता : आधी चौदा, मग के. त्याला कारण होतं. मीडिया हैदराबादहून बर्फात यायचा, महाग पडायचा आणि वेळेवर कधीच यायचा नाही. म्हणून उघडलेली एकच बाटली सगळ्यांना पुरवायची. पिपेटही जपून वापरायचे, एका जातीच्या पेशींना दिवसाला एक. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांत प्रत्येक फ्लास्कला नवा पिपेट घेतात, हे ताहेरला माहीत होतं. इथे ते परवडणारं नव्हतं. पण जोमाने वाढणाऱ्या के-ची एक पेशी जरी बाटलीत उतरली आणि तिथून चौदामध्ये गेली, तरी महिनाभरात चौदा उरणार नाही. म्हणून नाजूक पेशी आधी, दांडगट नंतर, आणि उरलेली बाटली के-च्याच नावावर. सात महिन्यांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

त्या मंगळवारी सव्वाअकरा झाले तरी मारोती आला नाही. मंगळवारी बाराला वीज जायची, म्हणजे त्याआधी सगळं आटपायला हवं. ताहेरने विचार केला, के तर उरकून घेऊ. चार फ्लास्क काढले, एका पिपेटने चौघांना मीडिया घातला. बाटलीतून फ्लास्कात, फ्लास्कातून परत बाटलीत. शेवटच्या फ्लास्कचं झाकण लावलं तेव्हा काचेपलीकडे मारोती उभा होता, घामाने भिजलेला. वारंग्याला बस बंद पडली होती आणि तो एका टेम्पोत बसून आला होता. अकरा चाळीस झाले होते.

ताहेरने हात पुसले. मधल्या फळीवरचे तीन फ्लास्क काढले. नवा पिपेट फोडला. फ्रीजमध्ये मीडियाची एक सीलबंद बाटली होती. पण अर्धी बाटली समोर असताना नवी फोडायची त्याच्या हाताला सवयच नव्हती. पिपेट समोरच्या बाटलीत गेला. पहिल्या फ्लास्कात दहा मिली, दुसऱ्यात दहा. तिसऱ्याला हात क्षणभर थांबला. काचेपलीकडून मारोती बघत होता. ताहेरने तिसऱ्यातही दहा मिली घातले.

नवा पिपेट घेतला होता ना, एवढ्याशाने काय होतंय, असं तो स्वतःशी म्हणाला. वहीत त्या दिवसाची नोंद त्याने सकाळीच, सवयीने, लिहून टाकली होती : 'आधी १४, नंतर के.' ती त्याने खोडली नाही.

बाराव्या दिवशी चौदाच्या एका फ्लास्कमध्ये मीडिया किंचित नारिंगी दिसला. ताहेरने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि गुपचूप परत ठेवला. पंधराव्या दिवशी तिन्ही फ्लास्क नारिंगी होते. सोमेश त्यांतल्या एका फ्लास्कला जुलैपासून एक औषध थोडं थोडं देत होता. त्याने कलरीमीटरवर साखर मोजली. सुरुवातीला एकशे अठ्ठ्याण्णव असलेली साखर दोन दिवसांत एकशे वीसवर आली होती. त्याने तीनदा मोजली आणि धावत मॅडमच्या खोलीत गेला.

मॅडम कधी नव्हे ते लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसल्या. औषधाचा दाब आल्यावर पेशींनी आपलं खाणंच बदललं असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. उपाशी मरण्याऐवजी त्या साखर जाळायला शिकल्या. हे खरं ठरलं तर कुठलं औषध कधी निकामी होतं ते साखरेवरून आधीच कळेल. औषध न दिलेले दोन फ्लास्क का बदलले, असं सोमेशने विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की तेही बघू, काहीतरी असेल. त्या दिवशी सगळ्यांना चहा झाला. सोमेशने ताहेरच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं की पेपरमध्ये आभारात मामूंचं नाव सगळ्यात वर.

ताहेर कुणी नसताना मोजायला बसला. सकाळी दहा, संध्याकाळी पाच, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. चौदा आता तेवीस तासांत दुप्पट होत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोठ्या, गोल, टवटवीत दिसत होत्या. त्याने वरच्या फळीवरचा के काढून शेजारी ठेवला आणि एकदा यात, एकदा त्यात पाहिलं. सत्तावीस वर्षं पेशी बघणाऱ्या माणसाला तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

सांगायला हवं होतं. रोज सकाळी तो ठरवून यायचा आणि रोज काहीतरी निघायचं. एके दिवशी मॅडम विद्यापीठात गेलेल्या, एके दिवशी सोमेशचे वडील निलंग्याहून पेढे घेऊन आलेले. मुलाचं काहीतरी मोठं होणार हे त्यांना कळलं होतं. त्यांनी ताहेरच्याही हातावर पेढा ठेवला. तो त्याने खाल्ला.

घरी त्याची मुलगी जिक्रा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, प्रॅक्टिकलची वही घेऊन बसली होती. एका प्रयोगात तिचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नव्हतं. पुस्तकातलंच लिहून टाकू का, असं तिने विचारलं.

"जे केलं ते लिही, बेटा," ताहेर म्हणाला. "जे व्हायला पाहिजे होतं ते नको." आणि मग तो उठून गच्चीवर गेला. जिक्राने खालून दोनदा हाक मारली तरी बराच वेळ आला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी मारोती वेळेवर आला. काचेसमोर उभा राहिला आणि लगेच म्हणाला की पाण्याचा रंग बदलला. सोमेश तिथेच होता. त्याने उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. काका, आधी या पेशी साखरेला हात लावत नव्हत्या, आता दोन दिवसांत बरीचशी फस्त करतात, फार मोठी गोष्ट आहे, परदेशातसुद्धा छापून येईल.

मारोतीने ऐकून घेतलं. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सरजा साखर खाऊन राहिली?"

"हो ना."

"मग ती न्हाई ही."

सोमेश हसला. मारोती हसला नाही. "म्या एकदा चोरून घातली होती चहात. मुलगी झाली तवा, आनंदानं. तिनं कप तसाच ओतून दिला माझ्यापुढं. ती न्हाई खायची."

काका, चहाचा आणि याचा संबंध नसतो, असं सोमेशने त्याला हळुवारपणे सांगितलं. "असंल बाबा, तुमी शिकलेले," मारोतीने मान डोलावली. पण निघताना तो दारापर्यंत जाऊन दोनदा परत काचेपाशी आला. ताहेर आत लॅमिनारपुढे बसला होता आणि त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर पेपरचा मसुदा पडला होता. सोमेश बाजूला उभा राहून एक आलेख दाखवत होता. ताहेर आत गेला आणि खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिला.

"मॅडम, चौदामध्ये के गेलंय," तो म्हणाला. "माझ्या हातून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कधी, असं विचारलं. त्याने तारीख सांगितली. सोमेशने कपाटावरची वही ओढली, पान उलटलं आणि म्हणाला की इथे तर आधी चौदा लिहिलंय.

"ती नोंद खोटी आहे," ताहेर म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. बस, बारा वाजता जाणारी वीज, एक बाटली. तेवीस तासांचंही सांगितलं. सोमेश बोलला, आणि त्याचा आवाज चढला नाही हेच ताहेरला जास्त लागलं.

"म्हणजे सतरा दिवसांपासून तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्यासमोर बसून ग्राफ काढत होतो. माझे वडील आले होते."

त्या दिवसापासून सोमेश त्याला मामू म्हणाला नाही.

खात्रीसाठी नमुना हैदराबादला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला. डीएनएच्या तपासलेल्या सगळ्या खुणा के-च्या होत्या, दुसऱ्या कुणाची एकही नव्हती. मॅडमनी मसुदा खणात टाकला. त्यांनी ताहेरला मेमो दिला नाही, कामावरून काढलं नाही, वर तक्रारही केली नाही. त्यांनी फक्त विचारलं की त्या मंगळवारच्या आधीचं गोठवलेलं काय आहे.

तसं फारसं नव्हतं. फेब्रुवारीत ताहेरने सरजाबाईंच्या पेशींच्या तीन नळ्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. हा नायट्रोजन जनावरांच्या रेतनासाठी फिरणाऱ्या गाडीतून मिळायचा. मे महिन्यात ती गाडी आठ दिवस उशिरा आली आणि कॅन तळापर्यंत आटला. जूनमध्ये दोन नळ्या उघडून पाहिल्या, त्यांत सगळ्या पेशी मेलेल्या. तिसरी अगदी तळाशी होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

"ती उघडू," मॅडम म्हणाल्या.

ताहेरने चार दिवसांची मुदत मागितली. आधी हदगावला जाऊन येतो, म्हणाला.

रविवारी तो हदगावात उतरला. मारोतीचं घर जिनिंगच्या मागे, दोन खोल्यांचं. मुलगा अश्वजित नोकरीला पुण्यात, मुलगी लातुरात; मारोती एकटाच होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली सरजाबाईंचा फोटो, संमतीच्या कागदासाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. मारोती 'बसा' म्हणायच्या आधीच सांगून टाकायचं ताहेरने ठरवलं होतं. पण मारोतीने आधी स्टोव्ह पेटवला, चहा केला, दोन कप भरले. मग बसून म्हणाला, "बोला."

ताहेरने सांगितलं. नियम सांगितला, बाटली सांगितली, नमुन्याचा अहवाल सांगितला. मारोतीला नीट कळावं म्हणून त्याने गव्हात घुसलेल्या गाजरगवताची तुलना तयार करून आणली होती, पण ती वापरावी लागली नाही. मारोतीला पहिल्या झटक्यातच कळलं होतं.

"मग मागल्या खेपेला म्या कुनाला बघत होतो?"

"एक बाई होती. लांबच्या देशातली. तिलाही हाच आजार होता. जाऊन पन्नासच्यावर वर्षं झाली."

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

मारोतीने कप खाली ठेवला. "तिला बघाया कुनी येतंय का?"

ताहेरने मान हलवली. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मग मारोतीने विचारलं की हे कोणत्या मंगळवारी झालं.

हाच प्रश्न येऊ नये असं ताहेरला सगळ्या वाटेने वाटत आलं होतं. त्याने बसमध्ये ठरवलं होतं की क्रम चुकला एवढंच सांगायचं. का चुकला ते सांगायचं नाही. "ऑगस्टातल्या," तो म्हणाला. "काम जास्त होतं त्या दिवशी. गडबडीत झालं."

"त्या रोजी वारंग्याला बस बंद पडली होती माझी."

"त्याचा काही संबंध नाही."

"तुमी माझ्यासाठी थांबला होता."

"नाही, मारोतीभाऊ."

"भाई, तुमाला खोटं जमत न्हाई. काहून बोलता?" मारोतीचा आवाज शांत होता. "म्या नसतो आलो तर तुमी येळेवर तिला आधी घातलं असतं. सात म्हैने नीट चाललं होतं. म्या बघाया आलो आन् गेली."

ताहेर पुढे सरकला. तो म्हणाला की फ्रीजमध्ये नवी बाटली होती, ती आपण फोडली नाही. तिसऱ्या फ्लास्कला हात थांबला होता, तरी आपण घातलं. वही खोटी लिहिली, नंतर सतरा दिवस तोंड शिवून बसलो. यात तुमचं काही नाही, सगळं माझं आहे. त्याने एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली. मारोती ऐकत होता, पण त्याने त्यातलं काही आपल्यावरून उतरू दिलं असं दिसलं नाही. एकाच चुकीला दोघे जण दोन बाजूंनी धरून बसले होते आणि कुणीच सोडायला तयार नव्हतं.

मग ताहेरने तिसऱ्या नळीचं सांगितलं. सांगताना फार जपून शब्द वापरले. आधीच्या दोन नळ्या मेलेल्या निघाल्या तेही सांगितलं. उघडू तेव्हा तुम्हाला बोलावू का, असं विचारलं.

"न्हाई," मारोती म्हणाला. "म्या काचंपुढं उभा न्हाई राहणार आता." तो उठून दारात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. "फोन करा. किती हायेत तेवढं सांगा. चांगलं-वाईट काय बोलू नका. आकडा सांगा फकस्त."

गुरुवारी सकाळी मॅडम स्वतः पेशींच्या खोलीबाहेर थांबल्या. सोमेश हे करेल असं ताहेरने धरलं होतं, तो मागे सरकून उभाही राहिला होता. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच करा, ताहेरभाई."

त्याने इन्क्युबेटर रिकामा केला. चौदा असं लिहिलेले तीन फ्लास्क आदल्या दिवशीच उकळत्या वाफेत घालून नष्ट केले होते. के-चे चार फ्लास्क शेजारच्या खोलीत हलवले. फळ्या स्पिरिटने दोनदा पुसल्या. सोमेश स्टॉपवॉच घेऊन आला. ताहेरने कॅनच्या तळातून चिमट्याने नळी काढली, कोमट पाण्यात धरली. सत्तर सेकंदांनी सोमेश म्हणाला, "झालं." आत बर्फाचा तांदळाएवढा कण उरला होता. ताहेरने सीलबंद बाटली फोडली, दहा पिपेट शेजारी मांडले आणि प्रत्येक वेळी नवा घेतला. सगळं एका लहानशा फ्लास्कमध्ये गेलं. बाटलीत चारशे ऐंशी मिली मीडिया उरला. तो त्याने दुसऱ्या कशालाही वापरला नाही.

पहिल्या चार दिवसांत त्याने फ्लास्क हलवलासुद्धा नाही. दिवसातून एकदा बाहेरूनच रंग बघायचा. लाल होता. पण त्यात खाणारं कुणी नसलं तरी तो लालच राहणार होता, त्यामुळे रंगावरून काही कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याने थेंबभर द्रव काढला आणि त्यात निळा रंग मिसळला. मेलेली पेशी हा रंग आत घेते आणि निळी होते. जिवंत पेशी त्याला दाराबाहेर ठेवते आणि चकचकीत पांढरी दिसते. मोजायची काच नव्याने पुसली. चष्मा काढला, पुन्हा घातला. एका हातात मोजणीयंत्र घेऊन त्याने चौकोनामागून चौकोन पाहिला. दोनशे झाल्या तेव्हा थांबला. मग तो उठला आणि काही न सांगता सोमेशला बसायला जागा दिली. सोमेशने त्याच काचेवर पुन्हा मोजलं. त्याने कागदावर आकडा लिहून कागद उलटा ठेवला. ताहेरने आपला कागद शेजारी ठेवला. दोघांनी ते सुलटे केले. आकडे सारखे होते.

ताहेरने वहीत तारीख घातली, वेळ घातली, जे केलं ते केलं त्या क्रमाने लिहिलं. मग गॅलरीत जाऊन हदगावला फोन लावला. पहिल्या रिंगेलाच उचलला गेला. पलीकडून नुसता खोकला ऐकू आला आणि थांबला.

"मारोतीभाऊ, दोनशे मोजल्या," ताहेर म्हणाला. "जिवंत सात."